पाठ मुलीची, काळजी लग्नाची

किशोरी मुलींच्या आरोग्यावर काय काय लिहायला हवं याची चर्चा चालली असताना मी पाठीच्या कण्याचा विषय सुचवला. स्कोलिऑसिस, म्हणजे कण्याला बाजूला येणारा बाक, आणि त्यावरचे खास व्यायाम. त्यावर एका जुन्या मैत्रिणीने सरळच विचारलं, "हा डॉक्टरांचा विषय झाला. यात बाईचा प्रश्न कुठे आला?" दुसरी तिच्याही पुढे गेली. ती म्हणाली, "बाईचं शरीर आहे तसं स्वीकारा, असं आपण इतकी वर्षं सांगतोय. आता आपणच मुलींना सांगायचं का, की पाठ सरळ करा?"

दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांना उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं आहे: वाढत्या वयातल्या मुलीच्या पाठीकडे आपला समाज लग्नाच्या नजरेने बघतो. त्या नजरेमुळे बाक वेळेवर कळत नाही. कळला तर झाकला जातो. आणि झाकणं अशक्य झालं की मुलीला घाईघाईने 'दुरुस्त' करायला नेलं जातं. झाकणं आणि दुरुस्त करणं या दोहोंच्या मधे एक वाट आहे. त्या वाटेवर मुलीला तीन गोष्टी लागतात: स्वतःच्या शरीराची माहिती, रोजचा पाऊण तास आणि दार लावून घेता येईल अशी थोडी जागा. नेमक्या याच तीन गोष्टी आपण मुलींना देत नाही. आता सांगा, हा आपला विषय नाही तर कुणाचा?

आधी आजार समजून घेऊ

सरळ कणा मागून पाहिला तर ओळंब्यात दिसतो. स्कोलिऑसिसमध्ये तो बाजूला झुकतो, आणि नुसता झुकत नाही, तर पीळही खातो. या पिळामुळे एका बाजूच्या बरगड्या मागे उचलल्या जातात, एक खांदा वर दिसतो, कमरेची एक बाजू खोलगट होते आणि दुसरी सपाट. एक्स-रेवर हा बाक अंशांत मोजतात. मोजण्याची पद्धत जॉन कॉब या अमेरिकन शल्यविशारदाने १९४८ साली मांडली, म्हणून त्याला कॉबचा कोन म्हणतात. १० अंश किंवा त्याहून अधिक बाक असेल तर त्याला स्कोलिऑसिस म्हणायचं.

काही मुलांमध्ये हा बाक जन्मजात असतो, काहींमध्ये स्नायूंच्या किंवा मज्जातंतूंच्या आजारामुळे येतो. पण बहुसंख्य मुलांमध्ये तो दहाव्या वर्षानंतर, उंची वाढण्याच्या काळात दिसू लागतो आणि त्याचं कारण वैद्यकशास्त्राला अजून सापडलेलं नाही. घरात आणखी कुणाला असेल तर शक्यता वाढते, एवढं ठाऊक आहे. दप्तराच्या ओझ्याने, एका कुशीवर झोपल्याने, नीट न बसल्याने तो येत नाही. म्हणून 'तू कशी बसतेस बघ, त्यानेच झालंय' हे मुलीला ऐकवणं आधी बंद करायला हवं. पोक काढून चालणं वेगळं आणि स्कोलिऑसिस वेगळा. आपल्याकडे तर बारा वर्षांच्या मुलीला एकाच दमात दोन हुकूम मिळतात: 'सरळ चाल' आणि 'छाती काढून चालू नकोस'. या दोन्ही हुकुमांचा तिच्या कण्याच्या आरोग्याशी काही संबंध नाही.

किशोरवयीन मुलांमध्ये शंभरात दोन-तिघांना हा बाक असतो. लहान बाक मुलगे आणि मुली यांच्यात जवळजवळ सारखेच आढळतात. पण बाक वाढत जाण्याचं दुखणं मुलींचं आहे. ३० अंशांच्या पुढे गेलेल्या बाकांमध्ये एका मुलामागे आठ-दहा मुली असं प्रमाण सांगितलं जातं. आणि तो सर्वांत वेगाने वाढतो ते उंचीच्या झपाट्यात, म्हणजे पहिली पाळी येण्याच्या आधीच्या वर्षभरात.

इथे जरा थांबू या. आपल्या घरांना मुलीच्या शरीराची जाग कधी येते? पाळी आल्यावर. तोपर्यंत ती 'लहान' असते, तिच्या शरीराकडे बघायचं कारण नसतं. पाळी आली की तिच्यावर एकदम दहा डोळे लागतात, पण ते तिच्या ओढणीवर आणि येण्याजाण्याच्या वेळांवर. जो काळ कण्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा, तो तोवर बराचसा निघून गेलेला असतो.

तपासणी मात्र अतिशय सोपी आहे. विल्यम ॲडम्स या इंग्रज डॉक्टरने १८६५ साली तिचं वर्णन केलं. मुलीने पाय जुळवून, गुडघे न वाकवता, दोन्ही हात जुळवून खाली सोडत कमरेतून पुढे वाकायचं. मागून पाहायचं. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसते का? एवढंच. याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. उघडी पाठ बघू शकेल अशी मुलीच्या विश्वासातली एक बाई लागते. बाक दिसला की पुढचं डॉक्टरांनी बघायचं.

पुढचं काय? साधारण रीत अशी: २०-२५ अंशांपर्यंत लक्ष ठेवायचं आणि व्यायाम करायचे, मूल वाढत असताना बाक २५ ते ४० च्या दरम्यान असेल तर ब्रेस घालायचा, ४५-५० च्या पुढे गेला तर शस्त्रक्रियेचा विचार करायचा. ब्रेसचा उपयोग होतो की नाही यावर पुष्कळ वर्षं वाद होता. २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या पाहणीने तो बराचसा मिटवला. ब्रेस वापरणाऱ्या मुलांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या उंबरठ्याच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्क्यांचा. आणि दिवसाचे जितके तास ब्रेस घातला तितका फायदा जास्त दिसला.

झाकण्याचं राजकारण

माझ्या पाठीचा बाक पहिल्यांदा दिसला तो शिंप्याला. शाळेच्या गणवेशाचं माप घेताना तो आईला म्हणाला, "ताई, हिचा एक खांदा खाली आहे. फ्रॉक एका बाजूला लोंबतो." घरी त्यावर उपाय निघाला तोही शिवणकामातलाच: खालच्या खांद्यात कापूस भरायचा. डॉक्टरांकडे नेलं ते सात वर्षांनी, पहिलं स्थळ यायच्या आधी. डॉक्टरांनीही माझ्याशी न बोलता आईला विचारलं, "लग्न कधी करायचंय?" दुखतं का, दम लागतो का, हे प्रश्न त्यानंतर आले.

ही एका घराची गोष्ट असती तर मी इथे लिहिली नसती. पण गेल्या काही वर्षांत किशोरी गटांतून, शिबिरांतून जेवढ्या मुली आणि आया भेटल्या, त्यांच्या तोंडून याचीच रूपं ऐकली. एक्स-रे कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलेला. ब्रेस लिहून दिलेला, पण 'लोकांना कपड्यातून दिसेल' म्हणून आणलाच नाही. 'लग्न जमेपर्यंत कुठे बोलू नका' ही ताकीद. पदर कोणत्या खांद्यावर घेतला म्हणजे लपतं याची शिकवणी. मुलाला बाक असेल तर 'जड उचलू नकोस' म्हणतात. मुलीला मात्र पाण्याच्या हंड्याची सूट नाही आणि फोटोची परवानगी नाही!

मैत्रिणींनो, हे फक्त आपल्याकडचं नाही. १९६८ साली स्वीडनमध्ये स्कोलिऑसिसच्या रुग्णांची दीर्घकाळची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात नोंदवलेल्या निष्कर्षांपैकी एक असा होता की पाहणीतल्या ७६ टक्के स्त्रियांचं लग्न झालेलं नव्हतं. पाठीच्या आजाराच्या अहवालात स्त्रीच्या लग्नाचा आकडा! त्या पाहणीत वेगवेगळ्या कारणांनी आलेले आणि फार मोठे बाक एकत्र मोजलेले होते, पण पुढे कित्येक वर्षं अशा आकड्यांनी मुलींना आणि त्यांच्या आईबापांना धास्तावून सोडलं. मग २००३ साली अमेरिकेतल्या आयोवामधून पन्नास वर्षांच्या मागोव्याचा अहवाल आला. किशोरवयात बाक आला आणि कुठलेच उपचार झाले नाहीत, अशा माणसांचा तो मागोवा होता. त्यांना पाठदुखी इतरांपेक्षा जास्त होती, आपल्या दिसण्याची खंतही होती. पण ती कामं करत होती, संसार करत होती, भरपूर आयुष्य जगत होती. बाक असलेल्या बहुतेक स्त्रियांची बाळंतपणंही इतर बायकांसारखीच होतात. 'हिला मूल होणार नाही' हे वाक्य ज्या सहजपणे उच्चारलं जातं त्याला आधार नाही.

याचा अर्थ बाकाकडे दुर्लक्ष करावं असा नाही. मोठा बाक वाढत राहिला तर दुखतो, छातीची पोकळी दाबतो, श्वास तोकडा करतो. अर्थ एवढाच, की भीती ज्या गोष्टीची घातली जाते ती चुकीची आहे. भीती लग्नाची घातली जाते आणि काळजी घ्यायची असते फुप्फुसांची.

झाकण्याची किंमतही मुलगीच मोजते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये १९७६ साली दुरुस्ती झाली. जोडीदाराविषयीची महत्त्वाची बाब लपवून फसवणुकीने संमती मिळवली असेल, तर ती कळल्यापासून वर्षाच्या आत विवाह रद्द ठरवण्यासाठी अर्ज करता येतो. पाठीचा बाक ही अशी बाब ठरते का, हे कोर्टाने त्या त्या दाव्यात ठरवायचं. पण धमकी द्यायला कोर्ट लागत नाही. 'तुम्ही फसवलंत' हे वाक्य सासरच्यांच्या हातात आयतं मिळतं आणि मग ते हुंड्याच्या राहिलेल्या रकमेसाठी वापरलं जातं. लपवतात आईबाप, आणि आयुष्यभर ऐकते मुलगी.

काथारिना श्रॉथचा आरसा

आता व्यायामांकडे येते. या व्यायामांचा जन्म एका मुलीच्या बंडातून झाला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. काथारिना श्रॉथ १८९४ साली जर्मनीत ड्रेस्डेनला जन्मली. तिच्या स्वतःच्या कण्याला बाक होता. सोळाव्या वर्षी तिला पोलादी ब्रेसमध्ये घातलं गेलं. ती डॉक्टर नव्हती. तिच्या डोक्यात एक साधी कल्पना आली: रबरी चेंडूला पोचा पडला तर आतली हवा दाबून तो बाहेर काढता येतो, मग आपल्या छातीच्या दबलेल्या बाजूत श्वास भरून ती बाजू का उघडता येऊ नये? ती आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःचं शरीर वाचायला शिकली. १९२१ साली मायसेन गावात तिने आपलं छोटं केंद्र उघडलं. पुढे तिची मुलगी क्रिस्टा ही फिजिओथेरपिस्ट झाली, आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून दोघींनी पश्चिम जर्मनीत सोबर्नहाइम इथे हे काम वाढवलं. मायलेकींनी उभं केलेलं हे शास्त्र आहे. इटली, पोलंड, फ्रान्स, स्पेन अशा देशांत त्याच्या आणि त्यासारख्या पद्धतींच्या शाखा निघाल्या. २००४ साली स्कोलिऑसिसवर शस्त्रक्रियेविना उपचार करणाऱ्यांची 'सोसॉर्ट' ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिने या व्यायामांसाठी मार्गदर्शक तत्त्वं तयार केली.

या व्यायामात करायचं काय असतं? आधी मुलीला तिचा स्वतःचा बाक समजावून सांगतात: तो छातीपाशी आहे की कमरेपाशी, उजवीकडे की डावीकडे, पीळ कुठे आहे. मग ती डोकं वर खेचून कणा लांब करते, कंबर मधोमध आणते, बाहेर आलेली बाजू आत घेते, आणि दबलेल्या बाजूत, नेमक्या त्याच बरगड्यांमध्ये, श्वास भरते. उच्छ्वासाबरोबर स्नायू घट्ट करून ती स्थिती धरून ठेवते. पडून करताना अंगाखाली ठरावीक जागी तांदळाच्या छोट्या पिशव्या ठेवतात. परदेशातल्या केंद्रांतही तांदूळच! समोर आरसा असतो, कारण कित्येक वर्षं वाकडं राहिलेल्या शरीराला वाकडं हेच सरळ वाटू लागलेलं असतं. सरळ म्हणजे काय, हे आधी डोळ्याला आणि मग अंगाला कळतं. शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे हीच धारणा बाकावर बसताना, जिना चढताना, बस धरून उभं राहताना टिकवायची.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, हे व्यायाम सगळ्यांना सारखे नसतात. उजव्या बाकाला जे हवं ते डाव्या बाकाला उलटं पडू शकतं. म्हणून हा लेख वाचून घरी प्रयोग करू नयेत. शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून शिकावेत. सूर्यनमस्कार, पोहणं, खेळ हे सगळं या मुलींनी जरूर करावं, पण ते या व्यायामांची जागा घेत नाही. दुसरी गोष्ट, इथे मुलगी ही टेबलावर पडलेला देह नसते. तिच्या डोक्यात तिच्या शरीराचा नकाशा असल्याशिवाय हा व्यायाम होतच नाही. 'आपल्या शरीराची ओळख' म्हणून आपण शिबिरं घेतो ना? ही तीच ओळख, रोज, स्वतःच्या पाठीची.

चमत्कार विकणाऱ्यांपासून सावध

मी या व्यायामांची बाजू घेते म्हणून खोटं सांगणार नाही. ते बाक नाहीसा करत नाहीत. त्यांचा दावा माफक आहे: वाढत्या वयात लहान बाक वाढू न देणं किंवा थोडा कमी करणं, ब्रेसला साथ देणं, आणि मोठ्या वयात दुखणं व थकवा आटोक्यात ठेवणं. २०१४ साली इटलीत ११० मुलांवर झालेल्या तुलनात्मक प्रयोगात २५ अंशांच्या आतल्या बाकांवर या प्रकारच्या व्यायामांचा साध्या व्यायामांपेक्षा चांगला परिणाम दिसला. कॅनडातही ५० मुलांवरच्या प्रयोगात नेहमीच्या उपचाराला श्रॉथ व्यायामांची जोड दिल्यावर फायदा दिसला. पण कॉक्रन संस्थेने २०१२ साली आणि पुन्हा २०२४ साली सगळ्या प्रयोगांचा आढावा घेतला तेव्हा पुरावा अजून कच्चाच आहे असं म्हटलं. प्रयोग लहान आहेत, मागोवा थोड्या काळाचा आहे.

पुरावा कच्चा का, हाही प्रश्न आपणच विचारायला हवा. औषधाची गोळी विकता येते, पट्ट्या आणि स्क्रू विकता येतात. मुलीने स्वतःच्या घरात घेतलेला श्वास कुणाला विकता येत नाही. त्यावर मोठे प्रयोग करायला पैसा कोण घालणार?

दुसरीकडे बाजार मोकळा नाही असं नाही. 'पाठ सरळ करणारे' पट्टे दुकानात टांगलेले असतात. एका झटक्यात मणके जागेवर बसवणारे गल्लोगल्ली आहेत. 'एकवीस दिवसांत उंची आणि सरळ पाठ' अशी हमी देणारे आहेत. पाठीला पीळ पडलेल्या मुलीला कुणीही झटका देऊन सरळ करू शकत नाही. असं सांगणारा माणूस पैसे उकळतो आणि त्याहून वाईट म्हणजे तिची वाढीची दोन वर्षं खाऊन टाकतो.

शस्त्रक्रिया ही शत्रू नाही. मोठ्या बाकाला ती लागते आणि ती झाल्यावर मुली चांगल्या जगतात. माझा विरोध आहे तो मुहूर्त पाहून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेला आणि मुलीला न विचारता घेतलेल्या निर्णयाला.

एक्स-रेबद्दलही सांगायला हवं. २००० साली अमेरिकेत पाच हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांना १९१२ ते १९६५ या काळात स्कोलिऑसिसचं निदान झालं होतं आणि प्रत्येकीचे सरासरी पंचवीसेक एक्स-रे काढले गेले होते. त्यांच्यात स्तनांच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण सर्वसाधारण स्त्रियांपेक्षा सुमारे ७० टक्के जास्त निघालं. आता किरणांची मात्रा पुष्कळ कमी झाली आहे, म्हणून एक्स-रेला घाबरू नये. पण विचारावं जरूर: दर वेळी लागतोच आहे का? आणि पाठीमागून काढता येईल का? किरणं पाठीकडून आत गेली की वाढत्या स्तनांना कमी लागतात. हा प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे.

पाऊण तास कुणाचा?

आता मुख्य अडचणीकडे येऊ. आमच्या किशोरी गटातल्या बारा वर्षांच्या एका मुलीचा बाक २२ अंश निघाला. हॉस्पिटलात सांगितलं, 'सहा महिन्यांनी या.' दरम्यान काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. खटपट करून एक फिजिओथेरपिस्ट मिळाली. तिने पाच फेऱ्यांत व्यायाम शिकवले आणि रोज पाऊण तास करायला सांगितले. मग खरी परीक्षा सुरू झाली.

घर एका खोलीचं, माणसं सहा. आरसा वडिलांच्या दाढीपुरता, वीतभर. पाठ उघडी ठेवून व्यायाम करायचा तर भाऊ बाहेर कधी जाणार? पहाटे पाणी येतं, ते भरायचं तिने. संध्याकाळी आई धुण्याभांड्याची कामं करून येईपर्यंत भात लावायचा तिने, धाकट्याला सांभाळायचं तिने. भावाला क्रिकेटला दोन तास मिळतात, ते कुणी मोजत नाही. हिने पाऊण तास मागितला तर घरात सगळ्यांना घड्याळ दिसू लागलं. "लोळायला वेळ आहे तिला," असं आजी म्हणाली, कारण निम्मे व्यायाम पडून करायचे होते.

आई वाईट नव्हती. ती मला म्हणाली, "ताई, मला तरी कधी माझ्यासाठी पाऊण तास मिळालाय? तिला कुठून देऊ?" स्त्रीचं आरोग्य, घरकामाची वाटणी, वस्तीतलं पाणी, घराचा आकार हे आपण वेगवेगळ्या ठरावांत मांडतो. त्या बाईने ते एका प्रश्नात मांडलं.

शेवटी गटानेच वाट काढली. बालवाडीची खोली संध्याकाळी तासभर रिकामी असते. जुन्या कपाटाच्या दाराचा उभा आरसा तिथे भिंतीला लावला. तांदळाच्या पिशव्या गटातल्या बायकांनी जुन्या परकरांच्या कापडातून शिवल्या. मुलीच्या वेळात भात लावायची पाळी भावावर आली. त्यासाठी दोन बैठका आणि बरंच भांडण लागलं. सोबत म्हणून आणखी चार मुली येऊ लागल्या, आपापल्या खेळाला आणि गप्पांना. तीन वर्षांनी तिचा बाक २६ अंश आहे, उंची जवळजवळ पूर्ण झाली आहे. हे व्यायामांमुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कदाचित तो तसाही थांबला असता. पण तिला आपली पाठ ठाऊक आहे. परवा नात्यातली एक बाई तिच्या खांद्याकडे बघून काही बोलली, तेव्हा तिने शांतपणे सांगितलं, "स्कोलिऑसिस आहे, सव्वीस अंश." लाजेने ज्याला नाव नव्हतं त्याला तिने आकड्यासकट नाव दिलं.

'आहे तसं स्वीकारा'

आता दुसऱ्या मैत्रिणीचा आक्षेप. आपण मुलींना सरळ होण्याच्या मागे लावतोय का?

आपल्या पुराणांत वाकड्या अंगाची दोन माणसं आहेत. अष्टावक्र आठ ठिकाणी वाकडा, पण जनकाच्या सभेत तो वाद जिंकतो तो तशाच वाकड्या अंगाने. त्याच्या विद्वत्तेला सरळ होईपर्यंत थांबावं लागत नाही. कुब्जेचं भागवतातलं नाव त्रिवक्रा, तीन ठिकाणी वाकडी. तिचं काय होतं? कृष्ण तिच्या पावलांवर पाय ठेवून, हनुवटीला बोटं लावून तिला एका झटक्यात सरळ करतो आणि ती सुंदर होते. पुरुषाचा वाक ज्ञानाच्या आड येत नाही. बाईचा वाक कुणीतरी येऊन काढावा लागतो, आणि तो निघाला की तिची गोष्ट संपते.

मी ज्या व्यायामांबद्दल बोलते आहे ते या दुसऱ्या गोष्टीच्या बरोबर विरुद्ध आहेत. इथे हनुवटीला बोट लावणारा कुणी नाही. झटका नाही. मुलगी स्वतः, रोज, थोडं थोडं, स्वतःसाठी करते. आणि बाक राहिला तरी ती कमी ठरत नाही. स्वीकारणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. मधुमेह झालेल्या बाईला आपण 'साखर आहे तशी स्वीकार' म्हणत नाही. प्रश्न फक्त हेतूचा आहे. स्थळासमोर सरळ दिसावं म्हणून केलेला व्यायाम स्थळ मिळताच सुटतो. भरपूर श्वास घेता यावा, चाळिशीत पाठ साथ द्यावी, म्हणून केलेला व्यायाम स्वतःचा असतो. मी स्वतः हे व्यायाम चाळिशीनंतर शिकले. माझा बाक तेवढाच आहे. पण आता तासभर बैठकीत बसले तरी भिंत शोधावी लागत नाही. जिला कधीच पाठ दाखवायची नव्हती त्या बाईने आरशात पाठ पाहिली, ही कमाई मी लहान मानत नाही.

आणि एक आत्मपरीक्षण आपल्या सगळ्यांच्या चळवळीसाठी. गर्भनिरोधकं, गर्भलिंगनिदान, १९९४ साली शिरूरच्या वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची काढलेली गर्भाशयं, बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं, या सगळ्यांवर आपली चळवळ बोलली, लढली. ते बोलणं आवश्यकच होतं. पण बाईचं आरोग्य म्हणजे तिचं गर्भाशय, ही शासनाची व्याख्या नकळत आपल्याही अंगात मुरली नाही ना? पाळी येण्याआधीच्या दहा-बारा वर्षांच्या मुलीची पाठ, फुप्फुसं, गुडघे, डोळे हे आपल्या शिबिरांच्या वेळापत्रकात कुठे आहेत?

काय मागायचं, काय करायचं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. शून्य ते अठरा वयाच्या मुलांसाठी तो आहे. शाळांत पथक येतं, पथकात स्त्री डॉक्टर आणि परिचारिका असणं अपेक्षित आहे. पण ज्या तीस दोषांची आणि आजारांची यादी घेऊन हा कार्यक्रम सुरू झाला तिच्यात स्कोलिऑसिसचं नाव नाही. पाचवी ते आठवीच्या मुलींची पुढे वाकून पाठ तपासायला प्रत्येकी अर्धं मिनिट लागतं. ही तपासणी यादीत घ्या, आणि ती पडद्याआड, स्त्री कर्मचाऱ्यानेच करावी, ही पहिली मागणी.

नुसती तपासणी करून मुलीला चिठ्ठी देऊन घरी पाठवलं तर तिच्या लाजेत भर पडेल, दुसरं काही होणार नाही. या कार्यक्रमाच्या जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत फिजिओथेरपिस्टचं पद धरलेलं आहे. ते पद भरा आणि त्या व्यक्तीला या खास व्यायामांचं शिक्षण द्या, ही दुसरी मागणी. आज हे व्यायाम शिकवणारी मोजकी माणसं मोठ्या शहरांत आहेत आणि त्यांची फी सामान्य घराला झेपत नाही.

तिसरी मागणी: ब्रेस सरकारी रुग्णालयातून मोफत मिळावा, आणि मूल वाढेल तसा बदलून मिळावा.

चौथी मागणी शासनाकडे नाही, आपल्या घरांकडे आहे. मुलीचा पाऊण तास. तिला बाक असो वा नसो.

आपल्या गटांनी करायचं तर उद्यापासून करता येईल. पुढच्या किशोरी शिबिरात पाठीचं एक सत्र ठेवा. आयांना बोलवा, मुलींची पाठ कशी बघायची ते शिकवा. कारण आधी सांगा, पाठ मग बघा. मुलगी नको म्हणाली तर थांबा. बाक दिसला तर तिला एकटीला बाजूला घेऊन सांगा, गटासमोर नको. हॉस्पिटलात तिच्याबरोबर कुणीतरी जा आणि डॉक्टरांना तिच्यासमोर, तिला कळेल अशा भाषेत विचारा: किती अंश, वाढ किती राहिली, मधल्या काळात काय करायचं. कागदावर लिहून घ्या. बालवाडीची, मंडळाची, समाजमंदिराची जी खोली रिकामी असेल तिथे उभा आरसा लावा.

आणि डॉक्टरांनी मुलीच्या लग्नाविषयी पहिला प्रश्न विचारला, तर त्यांना अडवा. म्हणा, "आधी तिला विचारा, दुखतं का."